कौटुंबिक डॉक्टरांची क्षेत्रनिहाय व्यवस्था : ब्रिटनमधील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात रुग्णालये, साथीचे रोग, लसी आणि नवे शोध यांची नोंद विपुल आढळते. वस्तीत दवाखाना थाटून बसलेल्या साध्या डॉक्टरची नोंद त्या मानाने अल्प आहे. वास्तविक आजारपणात बहुसंख्य माणसांचा पहिला संबंध याच डॉक्टरशी येतो. मराठी कुटुंबांत ज्याला ‘फॅमिली डॉक्टर’ म्हटले जाते, तो घरापासून जवळ असावा, त्याचा खर्च झेपावा आणि त्याला घराची माहिती असावी, एवढीच सामान्य माणसाची अपेक्षा असते. ही अपेक्षा पूर्ण होणे हा केवळ योगायोगाचा भाग राहू नये, यासाठी काही समाजांनी जाणीवपूर्वक व्यवस्था उभ्या केल्या. त्यांत ब्रिटनची व्यवस्था जुनी आणि सर्वाधिक चर्चिली गेलेली आहे.

अशा कोणत्याही व्यवस्थेला दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. विशिष्ट माणसाची जबाबदारी कोणत्या डॉक्टरवर आहे, हा पहिला प्रश्न होय. डॉक्टरने कोणत्या ठिकाणी व्यवसाय करावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला ब्रिटनने ‘रुग्णयादी’ हे उत्तर शोधले आणि ते शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्या देशाने मुख्यतः प्रतिबंधाच्या मार्गाने उत्तर दिले. जेथे डॉक्टर पुरेसे आहेत तेथे नव्याला मज्जाव करावयाचा, म्हणजे तो आपोआप अभावाच्या ठिकाणी जाईल, अशी ही धारणा होती. ती कितपत खरी ठरली आणि उरलेली पोकळी कोणी भरून काढली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच विचारपरंपरेशी निगडित असल्याने आणि ब्रिटनमधील अभावग्रस्त वस्त्यांत भारतीय डॉक्टरांनी मोठ्या संख्येने सेवा केली असल्याने, हा इतिहास मराठी वाचकालाही परका नाही.

गरिबांचा डॉक्टर आणि त्याचा जिल्हा

डॉक्टरला भौगोलिक क्षेत्र नेमून देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये प्रथम गरिबांच्या संदर्भात रूढ झाली. १८३४ च्या नव्या दारिद्र्य कायद्यानुसार अनेक गावांचे मिळून संघ स्थापन करण्यात आले आणि प्रत्येक संघाची वैद्यकीय जिल्ह्यांत विभागणी झाली. १८४२ मध्ये काढलेल्या वैद्यकीय आदेशान्वये असा जिल्हा १५,००० एकर क्षेत्रफळाहून किंवा १५,००० लोकसंख्येहून मोठा असू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. डॉक्टरचे कार्यक्षेत्र अंतर आणि लोकसंख्या या दोन मापांनी ठरविण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता.

या व्यवस्थेतील सेवा हक्काची नव्हती. रुग्णाला आधी मदत अधिकाऱ्याकडून चिठ्ठी मिळवावी लागे. अनेक ठिकाणी औषधांचा खर्च डॉक्टरला स्वतःच्या तुटपुंज्या वेतनातून भागवावा लागे. अशी मदत घेणाऱ्याचा मतदानाचा अधिकारही जात असे. केवळ वैद्यकीय मदत घेणाऱ्यांच्या बाबतीत ही अट १८८५ मध्ये कायद्याने दूर करण्यात आली. क्षेत्र ठरले होते, डॉक्टरही नेमला गेला होता. तथापि दाराशी अपमान उभा असल्याने स्वाभिमानी कष्टकरी माणूस शक्यतो त्या दारी जात नसे.

या वर्गाने आपली निराळी सोय केली. कामगारांच्या परस्पर साहाय्य मंडळांनी आठवड्याच्या मजुरीतून काही पेनी गोळा करून स्वतःचे डॉक्टर नेमले. दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावातील वैद्यकीय साहाय्य मंडळ १८९० मध्ये स्थापन झाले आणि पुढे गावातील बहुतेक कुटुंबे त्याच्या छत्राखाली आली. पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेचा पाया घालणारे मंत्री अनायरिन बेव्हन याच गावी १८९७ मध्ये जन्मले. वर्गणीदारांच्या वस्तीसाठी डॉक्टर, आणि त्या डॉक्टरवर वर्गणीदारांचा अंकुश, हे चित्र त्यांनी तरुणपणीच जवळून पाहिले होते.

पॅनेल पद्धती आणि रुग्णयादीचा उदय

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने या स्थानिक प्रयोगांना देशव्यापी स्वरूप दिले. अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या या योजनेत कामगाराने आठवड्याला ४ पेनी, मालकाने ३ पेनी आणि शासनाने २ पेनी द्यावयाचे होते. जानेवारी १९१३ पासून वैद्यकीय लाभ प्रत्यक्ष मिळू लागला. प्रत्येक परगण्यात विमा समिती स्थापन झाली आणि तिने डॉक्टरांची नामावली, म्हणजेच ‘पॅनेल’, प्रसिद्ध केले. कामगाराने त्यातून आपला डॉक्टर निवडावा, डॉक्टरने त्याचे नाव आपल्या यादीत घ्यावे आणि यादीतील प्रत्येक नावामागे वार्षिक दरडोई मानधन घ्यावे, अशी रचना होती.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब दरडोई मानधनाची होय. डॉक्टरला पैसा प्रत्येक भेटीमागे मिळत नसून माणसामागे मिळू लागला. त्यामुळे निरोगी माणूसही डॉक्टरच्या यादीत आला. यादीतील व्यक्तीची नोंद ज्या जाड कागदी पाकिटात ठेवली जाई, त्याला पुढे ‘लॉइड जॉर्ज पाकीट’ असेच नाव पडले. माणसाने डॉक्टर बदलला की पाकीट नव्या डॉक्टरकडे जाई. संगणकाच्या काळापर्यंत ही पाकिटे वापरात राहिली.

योजनेच्या मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. कामगाराची पत्नी आणि मुले यांना तीत स्थान नव्हते. डॉक्टर कोठे बसतो यावर विमा समितीचे कोणतेही नियंत्रण नव्हते. नोंदणीकृत असलेल्या कोणत्याही डॉक्टरला पॅनेलवर येण्याचा हक्क होता. प्रॅक्टिस ही खरेदी-विक्रीची मालमत्ता होती आणि निवृत्त होणारा डॉक्टर आपला जम बसलेला व्यवसाय नव्याला विकत असे. सुखवस्तू वस्तीत खाजगी रुग्णांचे शुल्कही मिळत असल्याने तेथील प्रॅक्टिसला किंमत अधिक येई आणि डॉक्टरांचा ओढा तिकडेच राही.

हायलँड्सचा अपवाद

जेथे यादी आणि दरडोई मानधन या दोहोंचाही उपयोग नव्हता, असा एक प्रदेश ब्रिटनमध्ये होता. स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील डोंगराळ मुलूख आणि बेटे येथे वस्ती विरळ, अंतरे मोठी आणि लोक बहुधा अल्पभूधारक शेतकरी व मच्छीमार होते. मजुरीवर काम करणारे थोडे असल्याने विमा योजनेचा लाभही थोड्यांनाच मिळे. सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१२ मध्ये या स्थितीचा अहवाल दिला आणि १९१३ मध्ये ‘हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस’ सुरू झाली. शासनाने तीसाठी वार्षिक ४२,००० पौंडांचे अनुदान मंजूर केले.

या सेवेची पद्धत पॅनेलहून मूलतः भिन्न होती. डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी देण्यात आली. प्रवासाचा खर्च शासनाने उचलला, त्यामुळे दूरच्या रुग्णाला अंतराचा भुर्दंड पडेनासा झाला. राहण्यासाठी घर, सोबतीला परिचारिका आणि रजेच्या काळात बदली डॉक्टर यांची तरतूद झाली. ज्या डोंगराळ भागात कोणीही स्वखुशीने जाऊन टिकत नव्हते, तेथे या उपायांनी डॉक्टर टिकू लागले. ही सेवा १९४८ पर्यंत चालली. डॉक्टरला एखाद्या ठिकाणी आणावयाचे असेल तर त्याचे उत्पन्न, घर आणि दळणवळण यांची हमी द्यावी लागते, हा धडा या छोट्या सेवेने दिला होता. पुढील मोठ्या व्यवस्थेने तो अंशतःच घेतला.

डॉसन अहवाल आणि केंद्राची कल्पना

पहिल्या महायुद्धानंतर लॉर्ड डॉसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२० मध्ये वैद्यकीय सेवेच्या भावी रचनेविषयी अंतरिम अहवाल सादर केला. प्रत्येक परिसरात ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ असावे, तेथे स्थानिक डॉक्टरांनी एकत्रितपणे काम करावे, त्यावर द्वितीयक केंद्र आणि त्याहून वर अध्यापन रुग्णालय असावे, अशी पायऱ्यांची मांडणी त्यात होती. सुटा दवाखाना हा घटक न मानता परिसर हा घटक मानणारी ही दृष्टी त्या काळी नवीन होती. आर्थिक काटकसरीच्या धोरणामुळे अहवाल बाजूला पडला. परंतु त्यातील संज्ञा आणि त्रिस्तरीय आकृती जगभर पसरली.

हिंदुस्थानात १९४३ मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात हीच आकृती अधिक विस्तृत स्वरूपात आढळते. अल्पकालीन योजनेत ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दीर्घकालीन योजनेत १०,००० ते २०,००० लोकसंख्येमागे ७५ खाटांचा प्राथमिक घटक, अशी समितीची शिफारस होती. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. भोर समितीच्या डॉक्टरला क्षेत्र होते आणि त्याचे वेतन शासनाने द्यावयाचे होते. परंतु माणसाने नाव नोंदवून आपला डॉक्टर निवडण्याची कल्पना त्या रचनेत नव्हती. ब्रिटनने यादी उचलली आणि भारताने क्षेत्र उचलले, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

१९४८ : यादी सर्वांची, डॉक्टर मात्र स्वतंत्र

३० एप्रिल १९४६ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी बेव्हन यांनी संसदेसमोर डॉक्टरांच्या वाटणीतील विषमतेचे आकडे ठेवले. युद्धापूर्वी साउथ शील्ड्स या औद्योगिक शहरात एका डॉक्टरमागे सुमारे ४,१०० माणसे होती, तर हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या सुखवस्तू शहरात हेच प्रमाण १,२०० हून कमी होते. जेथे आजार अधिक तेथे डॉक्टर कमी, ही वस्तुस्थिती या आकड्यांतून उघड झाली.

५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने यादीची व्यवस्था संपूर्ण लोकसंख्येला लागू केली. स्त्रिया, मुले, वृद्ध या सर्वांना आपल्या डॉक्टरकडे विनामूल्य नाव नोंदविता येऊ लागले. डॉक्टरांनी शासकीय नोकर होण्यास प्रखर विरोध केल्याने ते स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि त्यांचा करार स्थानिक कार्यकारी परिषदेशी झाला. आरंभी एका डॉक्टरला कमाल ४,००० माणसे यादीत घेता येत. १९५२ मध्ये ही मर्यादा ३,५०० वर आणण्यात आली.

विषमतेवर दोन उपाय योजण्यात आले. प्रॅक्टिस विकण्यावर बंदी घालण्यात आली आणि त्यापोटी भरपाईसाठी ६ कोटी ६० लाख पौंडांची तरतूद झाली. दुसरा उपाय म्हणजे इंग्लंड व वेल्ससाठी स्थापन झालेली ‘मेडिकल प्रॅक्टिसेस कमिटी’ होय. स्कॉटलंडसाठी अशीच निराळी समिती होती. कोणत्याही नव्या डॉक्टरला सेवेत दवाखाना उघडावयाचा असेल तर या समितीची संमती आवश्यक होती. संबंधित क्षेत्रात डॉक्टर आधीच पुरेसे आहेत, या एकाच कारणावरून समिती त्याला नकार देऊ शकत असे.

या कामासाठी देशाची चार प्रकारच्या क्षेत्रांत विभागणी करण्यात आली. पुढे रूढ झालेल्या निकषांनुसार जेथे सरासरी यादी २,५०० हून मोठी, ते क्षेत्र अभावग्रस्त म्हणून घोषित होई. २,१०१ ते २,५०० ही सरासरी असल्यास क्षेत्र खुले, १,७०१ ते २,१०० असल्यास मध्यम आणि १,७०० वा त्याहून कमी असल्यास प्रतिबंधित मानले जाई. प्रतिबंधित क्षेत्रात नव्याला सहसा प्रवेश नसे, तर अभावग्रस्त क्षेत्रात तो सहज मिळे.

रुग्णाच्या बाजूनेही क्षेत्राला अर्थ होता. डॉक्टरला घरी जाऊन रुग्ण तपासावा लागत असल्याने तो आपल्या दवाखान्याभोवती सेवाक्षेत्राची हद्द आखून घेई. हद्दीबाहेर राहायला गेलेल्या माणसाला नवा डॉक्टर शोधावा लागे. कोणीच यादीत घेण्यास तयार नसेल, तर परिषद त्याचे नाव एखाद्या डॉक्टरकडे सोपवीत असे. निवडीचे स्वातंत्र्य होते. मात्र ते पायी वा बसने जाण्याइतक्या अंतराच्या आतले स्वातंत्र्य होते.

नकाराच्या अधिकाराची मर्यादा

या व्यवस्थेला काही प्रमाणात यश आले, हे मान्य करावयास हवे. १९५० च्या दशकात अभावग्रस्त क्षेत्रांत राहणाऱ्या लोकसंख्येचे प्रमाण लक्षणीय घटले. परंतु त्याचे एक कारण डॉक्टरांची एकूण संख्या वाढत होती हे होते. १९६० च्या दशकात नव्या डॉक्टरांचा ओघ आटला, अनेकांनी परदेशाची वाट धरली आणि अभावग्रस्त क्षेत्रांतील लोकसंख्या पुन्हा वाढू लागली. समिती एखाद्याला सुखवस्तू गावी जाण्यापासून रोखू शकत होती. खाणगावात जाऊन राहा, असे सांगण्याचा अधिकार तिला नव्हता.

दुसरी मर्यादा सरासरीच्या मापाची होती. क्षेत्र मोठे असल्यास त्यातील संपन्न भागात डॉक्टर दाटीने आणि गरीब भागात तुरळक असले, तरी सरासरी समाधानकारक दिसे. शिवाय संख्येच्या मापात गुणवत्तेला स्थान नव्हते. ऑस्ट्रेलियन डॉक्टर जोसेफ कॉलिंग्ज यांनी १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत औद्योगिक वस्त्यांतील कित्येक दवाखान्यांची दुर्दशा स्पष्टपणे मांडली. ज्या आरोग्य केंद्रांची कायद्यात कल्पना होती, तीही फारशी उभी राहिली नाहीत. १९५२ मध्ये लंडनमध्ये उघडलेले वुडबेरी डाउन केंद्र हे तुरळक उदाहरणांपैकी एक होते.

१९६६ च्या सनदेने यात बदल घडविला. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन आणि डॉक्टरांची संघटना यांच्यातील वाटाघाटींतून आलेल्या या करारात दवाखान्याच्या जागेचे भाडे आणि सहायकांच्या वेतनाचा ७० टक्के भाग शासनाने परत द्यावा, असे ठरले. अभावग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्यास विशेष भत्ता देण्यात आला. मज्जावाच्या जोडीला मदत आली आणि सामूहिक दवाखान्यांना चालना मिळाली.

तरीही मूळ विषमता गेली नाही. वेल्समधील ग्लिनकोरग या खाणगावात १९६१ पासून काम करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘व्यस्त सेवा नियम’ मांडला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती जाईल तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच डॉक्टरांनी आपल्या यादीचा आधार घेऊन गावातील प्रौढांचा रक्तदाब तपासला. जे कधी दवाखान्यात आले नव्हते त्यांनाही त्यांनी गाठले. यादीतील नाव आणि दवाखान्यातील नोंद यांची तुलना केली की न आलेला माणूस दिसू लागतो. रुग्णयादीचे खरे सामर्थ्य या कामातून प्रकट झाले.

पोकळी भरणारे डॉक्टर

नकाराच्या व्यवस्थेतून उरलेली पोकळी दक्षिण आशियातून आलेल्या डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणात भरून काढली. भारतातील वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनमध्ये मान्यता असल्याने १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईसह देशातील अनेक शहरांतून पदवीधर तेथे गेले. बहुतेकांचा हेतू रुग्णालयात उच्च शिक्षण घेऊन तज्ज्ञ होण्याचा होता. परंतु प्रतिष्ठित शाखांतील वरिष्ठ पदे त्यांना क्वचितच मिळत आणि त्यामागे वर्णभेदाचाही वाटा होता. अशा वेळी कौटुंबिक डॉक्टर होणे हा मार्ग खुला होता आणि तो मुख्यतः त्या क्षेत्रांत खुला होता, जेथे स्थानिक पदवीधर जाण्यास उत्सुक नव्हते. दक्षिण वेल्सच्या खाणींचे खोरे, इंग्लंडच्या उत्तरेकडील व मध्य भागातील कारखान्यांची शहरे आणि लंडनच्या पूर्वेकडील कष्टकरी वस्त्या ही त्यांची कर्मभूमी झाली.

१९७५ मध्ये भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेण्यात आली आणि नव्याने येणाऱ्यांना परीक्षा द्यावी लागू लागली. तोपर्यंत आलेले डॉक्टर आपापल्या वस्तीत स्थिरावले होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९२ साली सेवेतील सुमारे १६ टक्के कौटुंबिक डॉक्टर दक्षिण आशियातील महाविद्यालयांचे पदवीधर होते. ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा कोण घेणार, हा प्रश्न त्या अभ्यासाने उपस्थित केला होता. काही आरोग्य प्राधिकरणांच्या हद्दीत चारांपैकी एक डॉक्टर या रीतीने कमी होणार होता.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. ब्रिटनमधील क्षेत्रनिहाय वाटणी जी काही यशस्वी झाली, तीत समितीच्या नकाशाइतकाच या डॉक्टरांच्या मर्यादित पर्यायांचाही भाग होता. ज्याला निवड करता येत होती तो दुसरीकडे गेला आणि ज्याची निवड संकुचित होती तो अभावग्रस्त वस्तीत गेला. आपल्याकडे डॉक्टरांची तीव्र चणचण असताना भारताने त्या वस्त्यांसाठी डॉक्टर घडविले, हाही या इतिहासाचा दुसरा पैलू होय.

बदलत्या हद्दी

१९७० च्या दशकानंतर स्थानिक प्रशासनाची रचना वारंवार बदलली. १९७४ मध्ये कार्यकारी परिषदांच्या जागी कौटुंबिक व्यवसायी समित्या आल्या आणि १९९० मध्ये त्यांची जागा नव्या प्राधिकरणांनी घेतली. १९९० च्या करारात वस्तीच्या वंचिततेनुसार डॉक्टरला जादा मानधन देण्याची तरतूद झाली आणि त्यासाठी ब्रायन जारमन यांनी तयार केलेला निर्देशांक वापरण्यात आला. केवळ माणसे न मोजता त्यांच्या गरजा मोजण्याचा हा प्रयत्न होता.

मेडिकल प्रॅक्टिसेस कमिटी २००२ मध्ये बरखास्त झाली आणि डॉक्टरांच्या वाटणीची जबाबदारी इंग्लंडमध्ये स्थानिक प्राथमिक सेवा न्यासांकडे गेली. पुढील काही वर्षांत डॉक्टरांची एकूण संख्या वाढूनही क्षेत्राक्षेत्रांतील विषमता वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. समितीचा अधिकार केवळ नकाराचा असला तरी तो निरर्थक नव्हता, हे तिच्या अभावी अधिक स्पष्ट झाले. २००४ च्या करारानंतर माणसाचे नाव एका डॉक्टरऐवजी दवाखान्याच्या नावे नोंदले जाऊ लागले. ‘माझा डॉक्टर’ या शब्दप्रयोगाचा कायदेशीर आधार त्यामुळे विरळ झाला.

इंग्लंडमधील न्यास २०१३ मध्ये संपुष्टात येऊन २११ स्थानिक गट स्थापन झाले आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी ४२ एकात्मिक मंडळे आली. दरम्यान जानेवारी २०१५ पासून दवाखान्यांना आपल्या हद्दीबाहेरील माणसाचे नाव घरभेटीची जबाबदारी न घेता नोंदविण्याची मुभा मिळाली. २०१७ मध्ये लंडनमधील एका दवाखान्याने या तरतुदीचा आधार घेऊन भ्रमणध्वनीद्वारे सल्ला देण्याची सेवा सुरू केली, तेव्हा शहरभरातील हजारो माणसांनी, त्यांतही विशेषतः तरुणांनी, तेथे नावे नोंदविली. निरोगी तरुण यादीतून गेल्यास वृद्ध व दीर्घकाळ आजारी माणसे सांभाळणाऱ्या जुन्या दवाखान्यांचे दरडोई उत्पन्न घटते, ही टीका त्या वेळी झाली. निरोगी आणि आजारी एकाच यादीत असणे हाच दरडोई मानधनाचा पाया असल्याने ही टीका दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

याउलट २०१९ मध्ये शेजारील दवाखान्यांना एकत्र आणून ३०,००० ते ५०,००० लोकसंख्येसाठी प्राथमिक सेवा जाळी उभारण्यात आली. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉसन अहवालातील परिसराची कल्पना अशा रीतीने नव्या नावाने परतली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात १९८० च्या दशकापासून सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले आहे. अंतर आणि वस्तीची विरळता विचारात घेणारी ही तरतूद हायलँड्सच्या अनुभवाशी नाते सांगते. गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातील केंद्राला कागदावर लहान क्षेत्र मिळते. परंतु घर, शाळा, रस्ता आणि बदली डॉक्टर यांची हमी तितक्याच प्रमाणात न मिळाल्यास पद मंजूर राहते आणि खुर्ची रिकामी राहते.

शहरांत स्थिती वेगळी आहे. पुण्या-मुंबईतील फॅमिली डॉक्टरने पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे सांभाळली. मात्र त्याच्याकडे यादी नव्हती. जो येईल त्याच्यावर उपचार करणे एवढेच त्याचे कर्तव्य होते आणि त्याचे उत्पन्न भेटीवर अवलंबून होते. जो आला नाही त्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. म्हणजे ग्रामीण केंद्राला क्षेत्र आहे पण नावानिशी नाते नाही, आणि शहरी फॅमिली डॉक्टरला नाते आहे पण क्षेत्राची जबाबदारी नाही. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या योजनेत परिसरातील प्रत्येक व्यक्तीची नोंद आणि कुटुंबनिहाय माहितीपत्रक तयार करणे अपेक्षित धरले गेले. यादी आणि क्षेत्र यांची सांगड घालण्याच्या दिशेने हे पाऊल महत्त्वाचे आहे. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन भरलेले ते पत्रक डॉक्टरच्या प्रत्यक्ष वापरात आले, तरच त्याला यादीचे सामर्थ्य प्राप्त होईल.

समारोप

ब्रिटनमधील सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, यादीमुळे डॉक्टरवर येणाऱ्यांइतकीच न येणाऱ्यांचीही जबाबदारी येते आणि हा लाभ खुल्या बाजारातील दवाखान्यातून मिळत नाही. दुसरी, नव्या डॉक्टरला एका जागी मज्जाव केल्याने दुसऱ्या जागेचा अभाव काही अंशी कमी होतो, परंतु पूर्णपणे दूर होत नाही. त्यासाठी उत्पन्न, निवास आणि सहकारी यांची हमी लागते. तिसरी, अशी हमी दिली गेली नाही तर अभावग्रस्त वस्तीचा भार ज्यांच्यापुढे अन्य मार्ग नाहीत अशांच्या खांद्यावर पडतो. ब्रिटनमध्ये तो भार दीर्घकाळ समुद्रापलीकडून आलेल्या डॉक्टरांनी वाहिला. महाराष्ट्रात तो बहुधा नुकत्याच पदवीधर झालेल्या बंधपत्रित डॉक्टरांवर येतो आणि बंधपत्राची मुदत संपताच वस्ती पुन्हा डॉक्टरविना राहण्याची शक्यता असते. नकाशावर क्षेत्र आखणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते तुलनेने सोपे आहे. त्या क्षेत्रात डॉक्टरला वर्षानुवर्षे राहावेसे वाटेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे समाजाचे व शासनाचे संयुक्त काम आहे, आणि कौटुंबिक डॉक्टर ही संस्था टिकणे त्यावरच अवलंबून आहे.